नदीचे मूळ : केम डोंगर व आमच्या खानदेशच्या नद्या



"नदीचे मूळ व ऋषीचे कूळ पाहू नये," अशी एक म्हण आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. ऋषीच्या कुळाविषयी आज आम्हांस काही म्हणावयाचे नाही. नदीच्या मुळाविषयी मात्र आमचे म्हणणे असे की, ते अवश्य पाहावे. कारण जो मनुष्य नदीचे पाणी पितो, त्या पाण्यावर कपाशी व केळी पिकवितो, आणि ते आटले म्हणजे कपाळास हात लावून बसतो, त्याने ते पाणी कोठून आले व वाटेत त्याचे काय झाले हे न विचारावे, हे शहाणपणाचे नव्हे. "आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार" ही दुसरी म्हणही आपल्याच वडिलांची आहे. ती आज आम्ही पहिलीपेक्षा अधिक मानणार आहो.

जळगाव व धुळे ह्या दोन जिल्ह्यांतील आमच्या बहुतेक मंडळ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर अशा कोणत्या ना कोणत्या नदीच्या काठी, किंवा तिला मिळणाऱ्या नाल्याच्या काठी राहतात. ह्या साऱ्या नद्या शेवटी तापीस मिळतात. ह्यांपैकी गिरणेचे मूळ ज्या डोंगराजवळ आहे, त्याचा आज विचार करू. उपदेशक बंधूंनी हा पाठ रात्रीच्या वर्गात वाचून दाखवावा, आणि जमिनीवर कोळशाने नकाशा काढून समजावून द्यावा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या माणसांसही तो कळेल.

पाणलोट म्हणजे काय

आमच्या खानदेशात धाब्याची घरे पुष्कळ. त्यांचे छप्पर सपाट. परंतु डांगाकडे किंवा घाटावर गेलेल्या माणसाने कौलारू घर पाहिलेच असेल. त्या घराच्या मधोमध उंच आढे असते. आढ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले, तर एक पुढल्या अंगाच्या कौलांवरून अंगणात पडतो, व दुसरा मागल्या अंगाने परसात जातो. पडताना त्या दोन थेंबांत वीतभराचेही अंतर नव्हते. पण जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांच्यामध्ये सगळे घर येते. पुन्हा ते एकमेकांस भेटत नाहीत.

डोंगरांच्या रांगेचेही असेच आहे. रांगेचा माथा हे देशाचे आढे होय. त्याच्या एका अंगाचे सर्व पाणी एका नदीस, व दुसऱ्या अंगाचे दुसऱ्या नदीस जाते. ज्या भूमीचे सर्व पाणी उतरून एका नदीस मिळते, त्या भूमीस त्या नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. कोणतीही नदी आपल्या पाणलोट क्षेत्रात पडलेल्या पावसाहून अधिक पाणी देऊ शकत नाही. ही एक गोष्ट नीट ध्यानात धरली म्हणजे पुढील सर्व आपोआप समजेल.

केम डोंगर व तीन वाटा

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, सुरगाणा व कळवण ह्या तालुक्यांच्या बाजूस, सह्याद्रीच्या माथ्यावर केम नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरात गिरणा उगम पावते. तेथे ती नदी म्हणावी अशी दिसत नाही. लहान मूल ओलांडून जाईल एवढाच तो ओहळ. तो पूर्वेकडे वळतो, कळवणच्या खोऱ्यात उतरतो, आणि मग मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा ह्या मुलखातून वाहत जळगाव जिल्ह्यात तापीस मिळतो. तापी पुढे सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते.

आता त्याच माथ्याच्या पश्चिम अंगास चला. तेथे पार व नार ह्या नद्या निघतात. नार ही पारेस मिळते, आणि पार गुजरातेतील वलसाड जिल्ह्यात समुद्रास मिळते. समुद्र तोच, अरबी; पण वाट किती निराळी! पारेचे पाणी डोंगर सोडून थोड्याच दिवसांत खाऱ्या पाण्यात जाते. गिरणेचे पाणी मात्र सारा खानदेश आडवा ओलांडून, तापीच्या संगतीने पुन्हा पश्चिमेस वळून मग तेथे पोहोचते.

तिसरी वाट दक्षिणेची. ह्याच रांगेच्या दक्षिणेकडील अंगास, दिंडोरी तालुक्यात, कादवा नदी निघते. ती नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीस मिळते. गोदावरीची लांबी 1,465 किलोमीटर. ती महाराष्ट्र, तेलंगण व आंध्र प्रदेश ह्यांतून वाहत बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणजे सह्याद्रीच्या ह्या एका कोपऱ्यात आषाढातील एकाच ढगातून पडलेले पाणी एका अंगाने वलसाडेस, दुसऱ्या अंगाने सुरतेस, आणि तिसऱ्या अंगाने थेट पूर्व समुद्रास जाऊन पोहोचते.

खानदेशाच्या दुसऱ्या सीमांवरही अशी आढी आहेत. दक्षिणेस सातमाळा व अजिंठा ह्यांची रांग आहे. चाळीसगावाहून कन्नडचा घाट चढून गेलेल्या माणसाने हे आढे आपल्या पायांनी ओलांडलेले असते, जरी त्यास ते ठाऊक नसले. घाटाखालचे पाणी तितूर व तिच्या सोबतिणींच्या वाटेने गिरणेस येते; घाटावरचे शिवना नदीच्या वाटेने गोदावरीस जाते. अजिंठ्याची लेणी ज्या वाघूर नदीच्या वळणावर कोरली आहेत, ती उत्तरेस वाहून तापीस मिळते, व तिच्यावरील धरणातून जळगाव शहरास पिण्याचे पाणी मिळते. मात्र त्या लेण्यांच्या मागे पठारावर सिल्लोडकडे पडलेला पाऊस पूर्णेच्या वाटेने गोदावरीकडे जातो. स्वतः तापीचे मूळही असेच आहे. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे ती निघते, आणि 724 किलोमीटर वाहून पश्चिम समुद्रास मिळते. त्याच मुलताईच्या परिसरात वर्धा नदी निघते, व तिचे पाणी शेवटी गोदावरीतून पूर्व समुद्रास जाते. एका अंगणातल्या दोन बहिणी. एक पश्चिमेस दिली, दुसरी पूर्वेस!

आल्प्स पर्वतातील असाच एक डोंगर

दूरच्या देशाचे उदाहरण घेतल्याने आपल्या घरची गोष्ट अधिक स्पष्ट दिसते, म्हणून युरोप खंडातील आल्प्स पर्वताकडे थोडे पाहू. स्वित्झर्लंड देशात सेंट गोथार्ड नावाचा घाट प्रसिद्ध आहे. त्याच्या पश्चिमेस विटेनवासरेनश्टॉक नावाचा सुमारे 3,000 मीटर उंचीचा डोंगर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे 1,646 मीटर, व बागलाणातील साल्हेर 1,567 मीटर. म्हणजे तो डोंगर साल्हेरवर साल्हेर ठेवावा तेवढा उंच. त्याच्या एका अंगाचे पाणी ऱ्हाईन नदीस मिळून उत्तर समुद्रास जाते. दुसऱ्या अंगाचे ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्रास जाते. तिसऱ्या अंगाचे तिचिनो नदीतून पो नदीस मिळून इटली देशाच्या पूर्वेकडील एड्रियाटिक समुद्रास जाते. एक डोंगर, तीन नद्या, तीन समुद्र!

येथवर त्यांचे व आमचे सारखेच आहे. पण एका गोष्टीत मोठा भेद आहे, आणि तो भेद हेच आजच्या पाठाचे मर्म होय. आल्प्सच्या माथ्यावर हिवाळ्यात हिम पडते व ते साचून राहते. उन्हाळा आला म्हणजे ते हळूहळू वितळते. सबब ऱ्हाईन व ऱ्होन ह्या नद्यांस ऐन उन्हाळ्यात डोंगरावरून पाणी मिळते. देवाने त्या डोंगरांस बर्फाची कोठारे दिली आहेत. शेतकरी जसा कणगीत दाणा भरून ठेवतो व गरजेपुरता काढतो, तसे ते डोंगर पाणी काढून देतात.

आमच्या केमवर हिम पडत नाही. आमचा बहुतेक सारा पाऊस ज्येष्ठ ते आश्विन ह्या महिन्यांत पडून जातो. मग पौष, माघ, फाल्गुनात गिरणेत जे पाणी दिसे, ते कोठून येई? आमच्या डोंगरांची कणगी कोणती?

आमची कणगी

आमची कणगी तीन ठिकाणी आहे.

पहिली, झाडीत व तिच्याखालच्या मातीत. सुरगाण्याकडे वर्षास 2,000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. धुळ्याकडे 600 च्या आसपास. एवढा मुसळधार पाऊस उघड्या कातळावर पडला, तर तो घटकाभरात खाली धावतो व जाताना मातीही नेतो. तोच पाऊस साग, सादडा, आंबा, जांभूळ व बांबू ह्यांच्या पानांवर पडला, तर तो थेंबाथेंबाने खाली येतो. खालच्या पालापाचोळ्यात मुरतो. मुळे मातीस धरून ठेवतात, व माती पाण्यास.

दुसरी कणगी खडकात. आमचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून निघालेल्या तप्त रसाचे थर एकावर एक बसून झाला आहे. थरांच्या मधून मुरूम व मऊ खडक आहे, व कठीण थरांतही भेगा आहेत. मातीतून झिरपलेले पाणी त्या भेगांत शिरते, व डोंगराच्या कुशीत जेथे थर उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. त्यास महिने लागतात. हाच विलंब म्हणजे आमचा लाभ होय.

तिसरी कणगी नदीच्या पात्रातील वाळूत. पात्र वरून कोरडे दिसले तरी वाळूखाली पाणी असते. आमच्या आयाबायांनी गिरणेच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने घागरी भरल्या आहेत. काठच्या विहिरींस पाझर सुटतो तोही ह्याच वाळूतून. ज्याने ती वाळू रातोरात गाडीत भरून विकली, त्याने केवळ वाळू विकली नाही, गावाच्या विहिरीचे पाणी विकले. हे आम्ही कठोरपणे लिहितो; पण ते खरे आहे, हे नदीकाठचा प्रत्येक शेतकरी जाणतो.

ह्या तिन्ही कणग्या रित्या झाल्या म्हणजे काय होते? पावसाळ्यात पूर, व उन्हाळ्यात खडखडाट. 2021 सालच्या ऑगस्टच्या अखेरीस तितूर व डोंगरी ह्या नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, हे पुष्कळांनी पाहिले. 2006 साली तापीच्या पुराने सुरत शहर बुडविले. पूर व टंचाई ह्या दोन निराळ्या विपत्ती आहेत असे लोक समजतात. पुष्कळ वेळा त्या एकाच रोगाची दोन लक्षणे असतात. जे पाणी थांबले नाही तेच श्रावणात घर बुडविते, व तेच वैशाखात मिळत नाही.

आता आल्प्सचीही कणगी झिजू लागली आहे, हे सांगितले पाहिजे. पृथ्वीवरील उष्णता वाढत असल्यामुळे ऱ्होन नदी ज्या हिमनदीतून निघते ती मागे मागे सरत आहे. तेथील लोक उन्हाळ्यात तिच्या काही भागावर पांढरी कापडे पांघरतात, म्हणजे बर्फ थोडे तरी कमी वितळावे. आजाऱ्यावर पांघरूण घालावे तसा तो प्रकार आहे. तेव्हा धनाढ्य देशासही आपल्या नदीच्या मुळाची काळजी लागली आहे. मग आम्ही निश्चिंत कसे राहावे?

गिरणेची वाट व तिच्यावरील बंधने

कळवण तालुक्यात गिरणेवर चणकापूरचे धरण आहे. पुढे तिला पुनंद व आरम ह्या नद्या मिळतात. मालेगावास मोसम मिळते. ती बागलाणच्या डोंगरांतून येते. नांदगाव तालुक्यात पांझण येथे गिरणा धरण आहे. ते 1969 साली पूर्ण झाले, व जळगाव जिल्ह्यातील कित्येक तालुक्यांची शेती व पिण्याचे पाणी त्यावर अवलंबून आहे. त्याच्याही खाली जामद्याचा जुना बंधारा आहे, व त्यातून निघालेल्या पाटांनी भडगाव, पाचोरा, एरंडोल ह्या बाजूची शेते भिजतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. धरण पाणी साठविते. ते पाणी उत्पन्न करीत नाही. ज्या वर्षी कळवण व बागलाणचे डोंगर कोरडे राहतात, त्या वर्षी पांझणचे धरण रितेच राहते, आणि मग वरचे व खालचे ह्यांच्यात तंटा लागतो. नाशिककर म्हणतात, पाणी आमच्या डोंगरावर पडले. जळगावकर म्हणतात, नदी आमचीही आहे. खरे पाहता मालेगाव व बागलाण हे मुलूख 1869 साली नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेशातच मोडत असत. जिल्ह्याची रेघ कागदावर ओढता येते, पाण्यावर ओढता येत नाही.

वडिलांची फड पद्धत

हा तंटा कसा मिटवावा, हे आमच्या वडिलांनी पुस्तकावाचून शोधून काढले होते. पांझरा, मोसम, आरम व गिरणा ह्या नद्यांवर तीनचारशे वर्षांपासून दगडी बंधारे बांधून पाट काढण्याची चाल होती. तिला फड पद्धत म्हणतात. साक्री व धुळ्याकडील वृद्ध मंडळीस ती चांगली ठाऊक आहे. तिची व्यवस्था पुढीलप्रमाणे असे.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सर्व जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग करीत. एका भागास फड म्हणत. एका फडात सर्वांनी एकच पीक लावावयाचे. एकात ऊस, तर दुसऱ्यात गहू किंवा भुसार, आणि दरसाल पीक फिरवावयाचे. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. तेणेकरून कोणाची सर्व जमीन पाण्याच्या तोंडाशी व कोणाची सर्व शेपटाशी, असा अन्याय होत नसे. पाणी पाळीप्रमाणे सोडण्यास पाटकरी असे, पिकाच्या राखणीस जागल्या, आणि त्यांच्यावर देखरेखीस हवालदार. त्यांस मेहनताना धान्याच्या रूपाने मिळे. पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करावयाची. बंधाऱ्यावरून जे पाणी वाहून जाई व शेतांतून जे झिरपून नदीस परत येई, ते खालच्या गावाचा बंधारा अडवी. अशी एकाखाली एक बंधाऱ्यांची माळ असे.

आणि पाणी थोडे आले तर? तर सर्वांनी मिळून ठरवावयाचे की, यंदा अमुकच फड भिजवावयाचे, बाकीचे कोरडे ठेवावयाचे. प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तोटा सर्वांस सारखा वाटला जाई. एकाचा मळा हिरवा व शेजाऱ्याचा करपलेला, असे होत नसे. वाचकहो, मोठमोठ्या शहरांतील विद्वान आज ह्या पद्धतीचा अभ्यास करतात, आणि त्यात नवल नाही. पुढे नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, घरोघर विहिरी व त्यांवर विजेचे पंप आले, आणि फडांचा पुष्कळ ठिकाणी लय झाला. जो तो आपल्या विहिरीचा राजा झाला. परंतु विहिरींच्या तळाशी पाणी एकच आहे, हे राजे विसरले. यावल व रावेर ह्या केळीच्या तालुक्यांत कूपनलिका खोल खोल जात आहेत, त्याचे कारण हेच.

पश्चिमेचे पाणी पूर्वेस आणावे काय

आता आजच्या एका मोठ्या प्रश्नाकडे येऊ. केमच्या पश्चिम अंगास नार व पार ह्यांचे पाणी भरपूर, आणि ते थोडक्या वाटेने समुद्रास जाते. पूर्व अंगास गिरणेचे खोरे तहानलेले. तेव्हा पश्चिमेचे पाणी अडवून, पंपाने उचलून, डोंगरातील बोगद्यातून चणकापूरच्या वरच्या बाजूस गिरणेत सोडावे, अशी योजना आहे. तिला नार-पार-गिरणा जोड योजना म्हणतात. 2024 साली महाराष्ट्र सरकारने तिला मंजुरी दिली, व तिचा खर्च सुमारे 7,000 कोटी रुपये धरला आहे. खानदेशातील शेतकऱ्यांनी ह्या योजनेसाठी पुष्कळ वर्षे मागणी केली होती. देशाचे आढे मनुष्याने फोडून एका अंगाच्या पागोळ्या दुसऱ्या अंगास वळवाव्या, असे हे काम आहे.

आमच्या कित्येक वाचकांस ही योजना म्हणजे आशा आहे, व ती आशा आम्ही हलकी मानत नाही. ज्याची कपाशी दोनदा पेरून दोनदा जळाली, त्यास पाण्याची आशा असणारच. परंतु ह्या प्रश्नास दुसरी बाजू आहे, ती न पाहणे बरोबर नव्हे. ज्या माथ्यावर ह्या नद्या जन्मतात, तेथे कोकणा, वारली, महादेव कोळी व भिल्ल हे लोक राहतात. सुरगाणा व पेठ ह्या तालुक्यांतील पाड्यांत पावसाळ्यात घराबाहेर पडवत नाही एवढा पाऊस, आणि चैत्र-वैशाखात तेथील बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. नदीच्या मुळाशी राहून तहानलेले! ह्याच भागातील पार-तापी-नर्मदा जोड योजनेविषयी 2010 साली केंद्र सरकार, गुजरात व महाराष्ट्र ह्यांच्यात करार झाला होता. पुढे जमिनी व वने पाण्याखाली जातील ह्या भयाने आदिवासी लोकांनी मोठा विरोध केला, व 2022 साली गुजरात सरकारने ती योजना सोडून देत असल्याचे जाहीर केले.

आमचे मत विचाराल तर ते असे. पाणी खाली आणावे किंवा न आणावे, ह्याचा निवाडा इंजिनेर व सरकार ह्यांनी हिशेब करून करावा. परंतु त्या हिशेबात पहिला आकडा डोंगरावरच्या माणसाच्या हंड्याचा असावा. ज्याच्या अंगणातून पाणी उचलावयाचे, त्याच्या घरात ते आधी पोहोचावे. ज्याची जमीन जावयाची, त्याचे त्यास गावकीसमोर विचारावे, आणि त्याचे पुनर्वसन कागदावर न राहता डोळ्यांस दिसावे. आम्ही खालचे लोक आहो, व आम्हांस लाभ व्हावयाचा आहे. म्हणूनच हे बोलणे आमच्यावर अधिक बंधनकारक आहे. लाभ ज्याचा, त्याने न्यायाची गोष्ट आधी काढावी. आपल्या शेजाऱ्याच्या तहानेवर भिजलेले शेत आम्हांस गोड कसे लागेल?

बारीपाड्याचे उदाहरण

पण सरकारचे काम होईपर्यंत आम्ही काय करावे? ह्याचे उत्तर धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा लहानसा आदिवासी पाडा आहे. तेथील वन तोडले गेले होते, डोंगर उघडे पडले होते, व पाण्याचे हाल होते. 1990 च्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार ह्या गावच्याच तरुणाने लोकांस एकत्र केले. सर्वांनी मिळून नियम केले: वनात कुऱ्हाड चालवावयाची नाही, गुरे मोकाट सोडावयाची नाहीत, मोडेल त्यास दंड. गावकऱ्यांनी आळीपाळीने राखण केली. उतारावर पाणी अडविले. आज तेथे 400 हेक्टरांहून अधिक वन उभे आहे, विहिरींस पाणी आहे, आणि दरसाल रानभाज्यांचा मेळा भरतो, तो पाहावयास दुरून लोक येतात. 2025 साली भारत सरकारने चैत्राम पवार ह्यांस पद्मश्री दिली.

ह्यात नवे यंत्र कोणते, मोठा पैसा कोणता? काहीच नाही. फडाच्या काळी वडिलांनी जे पाटावर केले, तेच ह्यांनी वनात केले: सर्वांचा एक नियम, सर्वांची एक राखण, आणि मोडणाऱ्याची गय नाही. आमच्या डोंगरास हिम नाही हे खरे. पण बारीपाड्याने दाखविले की, कणगी पुन्हा भरता येते.

आमच्या गावांनी काय करावे

आम्ही पुढील गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक गावाने आपला नाला कोठून निघतो व कोठे मिळतो हे एकदा पायी जाऊन पाहावे. शाळेची मुले व वृद्ध माणसे ह्यांस बरोबर न्यावे, कारण जुने झरे वृद्धांसच ठाऊक असतात. दुसरी, शेताच्या बांधास व उतारास आडवे चर व ताली घालाव्या, नांगरट उतारास आडवी करावी. धावणारे पाणी चालते करावे, चालणारे थांबते करावे, व थांबलेले मुरते करावे. तिसरी, नदीची वाळू व काठची झाडे ह्यांस गावाची ठेव समजावे, व ग्रामसभेत त्याविषयी उघड बोलावे. चौथी, नवी कूपनलिका खणण्यापूर्वी शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करावा. पाचवी, ज्या साली पाणी थोडे, त्या साली पेरणीपूर्वीच गावाने एकत्र बसून कोणती पिके घ्यावयाची हे ठरवावे. फड मोडले असतील. पण एकत्र बसण्याची बुद्धी काही नदीबरोबर वाहून गेली नाही.

पाठावरील प्रश्न

1. कौलारू घराचे आढे व डोंगराचा माथा ह्यांत साम्य कोणते?

2. केम डोंगराच्या परिसरातील पाणी कोणकोणत्या वाटांनी समुद्रास जाते? ती वाट जमिनीवर काढून दाखवा.

3. आल्प्सच्या नद्यांस उन्हाळ्यात पाणी कोठून मिळते? आमच्या नद्यांच्या तीन कणग्या कोणत्या?

4. फड पद्धतीत टंचाईचा तोटा सर्वांस सारखा कसा वाटला जाई?

5. आपल्या गावाच्या वरच्या अंगास कोण राहते, व खालच्या अंगास कोण? आपण पाण्याचे जे करतो, त्याचा त्यांस काय लाभ किंवा काय उपद्रव होतो?

ह्या शेवटल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही छापू शकत नाही. ते प्रत्येक गावाने आपले आपण शोधावयाचे आहे. प्रत्येक गाव कोणाच्या तरी खाली व कोणाच्या तरी वर असते. वरच्याने आपल्याशी जसे वागावे असे आपणांस वाटते, तसे आपण खालच्याशी वागावे; एवढे साधले, तर केमवरचा थेंब तापीच्या मुखापर्यंत जाताना वाटेत कोणासही तंट्याचे कारण होणार नाही.